स्पोर्ट्स कार 'मिसिंग' का मारते? इंजिनातला दोष नेमका शोधायचा कसा?

सोलापुरातून पुण्याकडे निघालं आणि मोहोळ मागे पडलं की रस्ता मोकळा होतो. हाताखाली टर्बो पेट्रोल गाडी असेल तर पाय आपसूक जड होतो. पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणून अॅक्सिलरेटर दाबावा आणि गाडीने झेप घेण्याऐवजी अडखळावं, मागून कुणी दोरीने ओढल्यासारखे दोन-तीन झटके द्यावेत, सायलेन्सरमधून 'फट् फट्' आवाज यावा आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागावा.

गॅरेजच्या भाषेत याला 'गाडी मिसिंग मारतेय' म्हणतात. पुस्तकी शब्द इंजिन मिसफायर. हा दोष पाचशे रुपयांतही निघू शकतो आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर लाखाच्या घरातलं बिलही येऊ शकतं. त्यात स्पोर्ट्स कार असेल तर सोलापूरकरांपुढे आणखी एक प्रश्न असतो. पोर्शे, फेरारी अशा कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स महानगरांत. गाडी फ्लॅटबेडवर चढवून अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला किंवा त्याहून पुढे मुंबईला पाठवायची, की इथेच दोष सापडेल? बऱ्याचदा इथेच सापडतो. फक्त शोधण्याचा क्रम चुकता कामा नये.

दिवा लुकलुकतोय की नुसता पेटलाय?

पहिली गोष्ट हीच बघायची. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला असेल तर दोषाची नोंद झाली आहे, गाडी हळूहळू घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र अर्थ वेगळा आहे. मिसफायर इतकं जास्त आहे की त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, असा तो इशारा असतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडायचा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. 'टेंभुर्णीपर्यंत जाऊन बघू' हा विचार महागात पडतो.

कारण सोपं आहे. ज्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही, ते पेट्रोल आणि त्याच्यासोबतची हवा तशीच एक्झॉस्टमध्ये जाते. पुढे तापलेला कन्व्हर्टर असतो. पेट्रोल तिथे जाऊन पेटतं. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो. तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे गेलं की ही वीट वितळते, तिची छिद्रं बुजतात. मग धूर बाहेर पडायला वाट उरत नाही आणि गाडीचा पिकअप कायमचाच जातो. वीट फुटून तिचे तुकडे आतच खुळखुळ वाजायला लागल्याचीही उदाहरणं आहेत. मूळ दोष एका कॉइलचा, आणि बिल कन्व्हर्टरचं.

इथे एक गल्लत टाळायला हवी. रील्समध्ये गाड्यांच्या सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज निघताना दिसतात, ते मिसफायर नव्हे. तिथे संगणकाचा प्रोग्रॅम बदलून मुद्दाम पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळलेलं असतं. पण कन्व्हर्टरला हा फरक कळत नाही. त्याचं नुकसान दोन्हीकडे होतं.

मुळात चुकतं काय?

पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी लागतात. हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते दाबणारं कॉम्प्रेशन आणि अचूक वेळी पडणारी ठिणगी. तीनपैकी एक जरी चुकली तरी तो ठोका वाया जातो.

वेग किती, तर फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे ६,००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा पेटतो. चार सिलिंडर मिळून सेकंदाला २०० स्फोट. यातले पाच-दहा हुकले तरी पायाखाली जाणवतं. स्पोर्ट्स कारमध्ये ते जास्तच जाणवतं, कारण तिचं इंजिन वरच्या आरपीएमला आणि जास्त दाबाखाली चालवलं जातं. ठिणगीला उडी मारायला हवेचा दाब हाच मोठा अडथळा असतो. टर्बोने सिलिंडरमध्ये हवा ठासून भरली की तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणूनच कमकुवत कॉइल असलेली गाडी सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये गुपचूप चालते आणि हायवेवर बूस्ट आला की अडखळते. रिमॅप करून बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत ही तक्रार जास्त येते, यात नवल नाही.

पद्मिनीच्या काळातली युक्ती

सोलापूरचा आणि भारतीय मोटारींचा संबंध जुना आहे. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या याच कंपनीने पुढे फियाट ११०० आणि मग प्रीमियर पद्मिनी बनवली. पद्मिनी स्पोर्ट्स कार नव्हती, पण मिसिंग कसं शोधायचं हे मेकॅनिकच्या दोन पिढ्या तिच्यावरच शिकल्या.

तिची पद्धत अशी होती: इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगची एकेक वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी थरथरलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच सिलिंडर मेलेला. मग सीबी पॉइंट घासायचे, कंडेन्सर बदलायचा, डिस्ट्रिब्युटरची टोपी पुसायची. कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल तर तो फुंकायचा. उन्हाळ्यात पेट्रोलची पाइपातच वाफ झाली तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं.

विचार आजही तोच आहे, आधी कुठला सिलिंडर ते शोधा, मग का ते शोधा. पण वायर काढण्याची कृती आजच्या गाडीवर करायची नाही. आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि ती २० ते ४० हजार व्होल्ट तयार करते. चालू इंजिनावर ती उपटली तर माणसाला झटका बसू शकतो, कॉइल किंवा ईसीयू जळू शकतो. तेच काम आता स्कॅनर करतो.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

भारतात २०१३ पासून नव्या कारमध्ये ओबीडी-२ प्रणाली आली. स्टिअरिंगच्या खाली तिचा १६ पिनांचा सॉकेट असतो. हजार-दोन हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल अॅप एवढ्यावर कोड वाचता येतो.

ईसीयूला मिसफायर कळतं कसं? तो क्रँकशाफ्टचा वेग सतत मोजत असतो. प्रत्येक स्फोटानंतर क्रँक किंचित वेगाने फिरायला हवा. एखाद्या सिलिंडरची पाळी आली आणि वेग वाढण्याऐवजी घटला, की त्या सिलिंडरच्या नावावर एक चूक जमा होते.

कोड पी०३०१ असेल तर पहिला सिलिंडर, पी०३०२ असेल तर दुसरा, याप्रमाणे पुढे. पी०३०० म्हणजे कुठलाही एक नाही, चुका विखुरलेल्या आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर संशय त्याच सिलिंडरच्या कॉइल, प्लग, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हवर. पी०३०० असेल तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टींवर, म्हणजे पेट्रोलचा दाब, हवेची गळती, खराब पेट्रोल, क्रँक सेन्सर.

स्कॅनर जे सांगत नाही ते म्हणजे कारण. 'कोड दुसऱ्या सिलिंडरचा आला, कॉइल बदला' हा निष्कर्ष नव्हे, अंदाज झाला. चारही कॉइल, चारही प्लग, मग इंजेक्टर असे एकेक पार्ट बदलत जाणं हीच या दुरुस्तीतली सगळ्यात मोठी उधळपट्टी. आणखी एक चूक म्हणजे गॅरेजला पोहोचण्याआधीच कोड पुसून टाकणं. कोडसोबत ईसीयू त्या क्षणाचा आरपीएम, इंजिनाचं तापमान, लोड अशी नोंद ठेवतो. कोड पुसला की तीही जाते. आधी तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

व्ही-६, व्ही-८ किंवा बॉक्सर इंजिन असेल तर सिलिंडरचे क्रमांक मॅन्युअलमधून तपासूनच हात घालावा. कुठला पहिला आणि कुठला पाचवा हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. अंदाजाने चुकीच्या बाजूची कॉइल बदलणारे कमी नाहीत.

कॉइलची अदलाबदल: फुकटातली चाचणी

समजा कोड पी०३०२ आला. इंजिन बंद, चावी काढलेली, इंजिन गार. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसायचा आणि गाडी त्याच परिस्थितीत चालवायची. आता कोड पी०३०३ आला तर कॉइल दोषी, कारण दोष तिच्यासोबत सरकला. कोड पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगसोबत करायचा, आणि इंजेक्टर सहज निघण्यासारखे असतील तर त्यांच्यासोबतही. एका वेळी एकच पार्ट हलवायचा. दोन एकदम हलवले की काहीच सिद्ध होत नाही.

कोड पुसणं इथे का गरजेचं? मिसफायर जास्त असेल तर कन्व्हर्टर वाचवण्यासाठी अनेक गाड्यांत ईसीयू त्या सिलिंडरचं पेट्रोलच बंद करतो. कोड न पुसता कॉइल बदलली तर तो सिलिंडर बंदच राहतो आणि चांगली कॉइलही खराब वाटते.

'त्याच परिस्थितीत' हे शब्दही महत्त्वाचे. कॉइलच्या आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं. दुपारी ४२ अंशांत झटके मारणारी गाडी सकाळी गॅरेजला नेली की शहाण्यासारखी वागते, आणि मेकॅनिक म्हणतो, 'साहेब, काहीच नाही गाडीला.' अशी गाडी चांगली तापवून, शक्य तर मेकॅनिकला शेजारी बसवून आणि स्कॅनर जोडून चालवावी लागते.

प्लग काढलाच आहे, तर नीट बघा

प्लगचं टोक सिलिंडरच्या आतली हकिगत सांगतं. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. तेलकट काळा थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत येतंय. पांढरं, फोड आलेलं टोक दिसलं तर प्लग फार तापतोय, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि असं इंजिन पुढे चालवणं धोक्याचं.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चीर किंवा काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकाला न पडता बाजूने पळतेय. तिथला गॅपही मोजावा. टर्बो इंजिनात तो साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. प्लग झिजला की गॅप वाढतो आणि बूस्टखाली ठिणगी विझते. इरिडियम प्लगचं टोक नाजूक असतं. ते घासायचं नाही, पॉलिश पेपर तर अजिबात लावायचा नाही. खराब असेल तर पूर्ण सेट बदलावा.

कॉइल काढल्यावर प्लगच्या खोबणीत पाणी किंवा ऑइल साचलेलं दिसलं तर कधी कधी कारण तिथेच सापडतं. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं की ते खोबणीत उतरतं आणि ठिणगी पाण्यातून वाट काढते. गाडी धुतली आणि दुसऱ्या दिवसापासून मिसिंग, अशी तक्रार असेल तर आधी खोबणी कोरडी करून बघावी. ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलंय. आणि महिनोन्महिने पोर्चमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, हेही बघावं. हसण्यावारी नेण्यासारखा मुद्दा नाही. बोनेट उघडून टॉर्च मारायला पाच मिनिटं लागतात.

करंट ठीक आहे, तरी मिसिंग?

मग हवा आणि पेट्रोल. इथे स्कॅनरवरचा 'फ्युएल ट्रिम' हा आकडा कामाला येतो. ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात दिसतं. आकडा अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर बहुधा चिंता नाही. अधिक २० असेल तर कुठूनतरी जादा हवा घुसतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी रीत आहे. आयडलला आकडा जास्त आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर इनटेकमध्ये हवेची गळती असते. फाटलेला होज, सैल क्लिप, वाळून कडक झालेलं रबर. सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर लवकर वाळतं. उलट आयडलला ठीक आणि जोर लावल्यावर आकडा वाढत असेल तर पेट्रोल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा इंजेक्टर बघावा. गळती शोधायला स्मोक टेस्ट सर्वांत चांगली. इनटेकमध्ये धूर सोडायचा, तो जिथून बाहेर येईल तिथे भोक. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची जुनी सवय आगीला आमंत्रण देते.

उन्हात गाडी मंद होणं आणि मिसफायर होणं हे मात्र वेगळं. इनटेकची हवा फार तापली की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी टायमिंग मागे घेतो, बूस्ट कमी करतो. गाडी सुस्त वाटते, पण झटके मारत नाही. तो दोष नव्हे.

दोष इथेनॉलचा आहे का?

हा प्रश्न सध्या सगळ्यात जास्त विचारला जातो. सोलापूर म्हणजे उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा. पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल अशाच कारखान्यांच्या डिस्टिलरींत बनतं.

सरसकट दोष इथेनॉलवर ढकलणं बरोबर नाही. ई-२० साठी बनवलेल्या गाडीत या पेट्रोलने मिसफायर व्हायला नको. पेट्रोलमधलं इथेनॉल १० वरून २० टक्क्यांवर गेलं तर ईसीयूला साधारण चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. निरोगी गाडी ते सहज करते. पण जिचा पंप किंवा इंजेक्टर आधीच कमकुवत झालाय, तिला हे चार टक्केही जड जाऊ शकतात.

खरा धोका आहे तो उभ्या राहणाऱ्या गाड्यांना, आणि स्पोर्ट्स कार बहुतेक वेळ उभीच असते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली तर पाण्याचं प्रमाण वाढतं. ते मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पंप पेट्रोल ओढतो तो तळाकडूनच. दिवाळीत गाडी बाहेर काढली आणि सुरू होताच मिसिंग, कोड पी०३०० असेल तर कॉइल बदलण्याआधी टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघावं. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करणं हाच उपाय. जुन्या आयात गाड्यांत पेट्रोलचे रबरी होज आणि सीलही तपासावेत. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नये.

डायरेक्ट इंजेक्शन आणि कार्बन

अनेक नव्या टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. पोलो जीटी टीएसआय किंवा आय-२० एन लाइन ही आपल्या रस्त्यांवरची ओळखीची उदाहरणं. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडायचं आणि ते धुतले जायचे. आता ते होत नाही. इंजिनातली ऑइलची वाफ व्हॉल्व्हच्या पाठीवर भाजत जाते आणि कार्बनचा थर चढतो. लक्षण ठरलेलं असतं: सकाळी गार इंजिनाला थरथर, तापल्यावर कमी. टाकीत ओतायच्या क्लीनरचा इथे उपयोग नाही, कारण ते पेट्रोल त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. इनटेक उघडून, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून हा थर काढतात. अशा कामासाठी मात्र गाडी अनुभवी ठिकाणी नेणंच बरं.

शेवटी कॉम्प्रेशन

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे, तरीही एकच सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन मोजावं लागतं. आकडा इंजिनानुसार बदलतो. त्याहून महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. तीन सिलिंडर १७० पीएसआय आणि एक ११० असेल तर उत्तर मिळालं. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टन रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

याहून पक्की तपासणी म्हणजे लीक डाउन टेस्ट. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइल टाकायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. 'हेड काढावा लागेल' असं कुणी म्हटलं, तर या चाचणीचे आकडे मागावेत. आकडे नसतील तर हेड काढू देऊ नये. फ्लॅटबेड बोलवायचा तो या टप्प्यावर, आकड्यांचा कागद सोबत देऊन.

दुरुस्ती झाली, पुढे?

नवे प्लग गार इंजिनावर, आधी हाताने आटे बसवून आणि मग टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला घट्ट करावेत. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर ते काम मूळ दोषापेक्षा मोठं होतं. त्यानंतर कोड पुसून गाडी गार इंजिनापासून चालवावी. थोडं गावातलं ट्रॅफिक, थोडा हायवे, आणि ज्या आरपीएमला आधी झटके यायचे तिथे दोन-चार वेळा. अॅपमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या चुकांचा आकडा दिसत असेल तर तो शून्यावर किंवा शून्याच्या आसपास राहायला हवा.

आठवडाभराने पी०४२० हा कोड आला तर तो कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा असतो. मिसफायर चालू असताना गाडी किती पळवली होती, याचा हिशेब तेव्हा लागतो. त्याआधी ऑइलची काडी ओढून वास घ्यावा. न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलेलं असू शकतं. ऑइल पातळ वाटलं किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर मुदत बाकी असली तरी ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावेत.